वावर मालकाचं, जनावर सरकारचं

सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याला त्या वावरातलं नेमकं काय काय मिळतं, याची यादी करायला बसलं तर ती वाटते त्यापेक्षा तोकडी निघते. माती मिळते, पीक मिळतं, धुऱ्यावरची बोर मिळते. सागाचं झाड असेल तर ते तोडायला परवानगी लागते. जमिनीखालचं खनिज सरकारचं. मुरूम काढून विकायचा म्हटला तर तहसीलमध्ये स्वामित्वधन भरावं लागतं. आणि रात्री धुरा ओलांडून जे रानडुक्कर येतं, भुईमूग उकरतं, हरभऱ्यात लोळतं आणि उजाडायच्या आत निघून जातं, त्यावर मालकाचा कसलाच हक्क नाही. त्याला मारलं, ते मेलेलं सापडलं, अगदी चुकून मारलं गेलं, तरी ती राज्य सरकारची मालमत्ता ठरते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३९ मध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे. जनावर जिवंत असताना खातं शेतकऱ्याचं आणि मेल्यावर होतं सरकारचं, असा हा हिशोब आहे.

पुढल्या पानांचा विषय हाच आहे: खाजगी जमिनीवरची शिकार आणि तिला लागणारी मालकाची परवानगी. प्रदेश अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांचा, अधूनमधून वाशीम-कारंजाकडे सरकणारा. शिकारीवरची मराठी पुस्तकं जंगलात घडतात. मचाण, वाघ, साहेब, हाकारे, असं सगळं त्यांत असतं. मेळघाट सोडला तर इथं जंगल जवळजवळ नाही. इथं तूर आहे, पऱ्हाटी आहे, सोयाबीन आहे, सोंगणीनंतरची उघडी वावरं आहेत, आणि तीन माणसं आहेत: ज्याचं वावर तो, ज्याला फासे मांडता येतात तो, आणि ज्याच्या शिक्क्याशिवाय आता काहीच हलत नाही तो वनखात्यातला साहेब. पूर्वी परवानगीचा व्यवहार पहिल्या दोघांत होत असे. आता तो पहिल्या आणि तिसऱ्यात होतो, आणि दुसरा त्यातून पार बाहेर फेकला गेला आहे. या विषयाचा सगळा पीळ या एवढ्या बदलात आहे, असं माझं मत आहे.

इतर देशांत ही गोष्ट कशी चालते ते थोडक्यात पाहून घेऊ, कारण तुलनेनं आपलं वेगळेपण लवकर कळतं. अमेरिकेत हरीण कोणाच्याही शेतात असलं तरी त्याचा सांभाळ राज्याकडे असतो. शिकारीचा परवाना राज्य देतं, पण शेतात पाय ठेवायची मुभा मालक देतो. म्हणून तिथला शिकारी हंगामाआधी शेतकऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो. व्हरमाँटनं तर १७७७ च्या राज्यघटनेतच कुंपण नसलेल्या जमिनीवर शिकारीची मोकळीक लिहून ठेवली. इंग्लंडात उलटं होतं. शिकारीचं जनावर हा जमीनदाराचा शौक होता, आणि कूळ पिकवायचं ते त्या शौकाच्या तोंडात जायचं. १८८० साली ग्राउंड गेम ॲक्ट आला, तेव्हा कुठं कुळाला आपल्याच शेतातले ससे मारायचा हक्क मिळाला. त्यासाठी संसदेला कायदा करावा लागला, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

जर्मनीची पद्धत मला सर्वांत शहाणी वाटते. १८४८ च्या उठावानंतर तिथं शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीला जोडला गेला. सलग ७५ हेक्टर ज्याच्याकडे आहे त्याचं स्वतंत्र शिकारक्षेत्र. त्यापेक्षा लहान सगळे शेतकरी मिळून एक सहकारी मंडळ करतात, ते शिकारीचा हक्क भाडेपट्ट्यानं देतं, आणि रानडुकरानं पिकाचं नुकसान केलं तर भरपाई बहुधा त्या भाडेकरू शिकाऱ्याच्या खिशातून जाते. म्हणजे ज्याला शिकार हवी त्यानंच पिकाचीही काळजी घ्यायची. ७५ हेक्टर म्हणजे सुमारे १८५ एकर. आपल्याकडे कमाल जमीनधारणा कायद्यानं कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर आहे, आणि वऱ्हाडातल्या बहुतेक शेतकऱ्यांच्या नावावर चार-पाच एकर असतात. तेव्हा एकट्या मालकाचं शिकारक्षेत्र ही कल्पनाच इथं रुजणारी नाही. गावानं मिळून काही करायचं, हाच एक मार्ग उरतो. त्याकडे शेवटी येऊ.

वऱ्हाडात मुळात शिकारीसाठी जमीन राखून ठेवणारा जमीनदार फारसा नव्हताच. १८५३ साली निजामानं हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला आणि १८६० च्या दशकात मुंबईच्या धर्तीवर मोजणी होऊन रयतवारी लागू झाली. पलीकडे नागपूर-भंडाऱ्यात मालगुजार होता. इकडे काही इजाऱ्याची आणि जहागिरीची गावं सोडली तर खातेदार स्वतःच नांगराच्या मागं उभा होता. त्याला रोही, म्हणजे नीलगाय, किंवा काळवीट पाहून हौस येत नसे, पोटात गोळा येत असे. म्हणून इथं मालकाची परवानगी हा प्रकार खेळापोटी आला नाही. तो पिकापोटी आला. शिकारीसाठी जमीन हे इंग्लंडचं सूत्र, आणि जमिनीसाठी शिकार हे वऱ्हाडचं.

जंगलाचीही इथं वेगळी वर्गवारी झाली. इमारती लाकडाचं राखीव रान ते ‘ए’ वर्गाचं, रमणे आणि बाभुळबनं ‘बी’ वर्गाची, चराईचं ते ‘सी’ वर्गाचं. गावाच्या गुरांना सोडलेल्या सरकारी पडीक जमिनीला तर आजही अमरावती-अकोल्यात सगळे ‘ई-क्लास’ म्हणूनच ओळखतात. तलाठ्यापासून गुराख्यापर्यंत दुसरा शब्द कोणी वापरत नाही. मेळघाटच्या रानात बंदूक घेऊन शिरायचं तर जंगल खात्याचा पास लागे. ई-क्लासवर आणि खातेदाराच्या वावरात मात्र प्रश्न गावाचा होता. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्यानं काही जनावरांना विणीच्या काळात अभय दिलं, पण मालमत्तेच्या रक्षणासाठी प्रामाणिकपणे मारलेल्या जनावराला तो कायदा लागू नव्हता. वावरात शिरलेलं डुक्कर मारणाऱ्याला तेव्हा कोणाकडे अर्ज करायचं कारण नव्हतं.

मारायचं कोणी, हा खरा प्रश्न होता. शेतकऱ्याच्या हातात गोफण असते, माळ्यावर बसून डबा वाजवता येतो, जागल करता येते. पण जनावर पकडणं ही वेगळी विद्या आहे आणि ती वऱ्हाडात फासेपारध्यांकडे होती. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात पारध्यांचे पोटभेद नोंदवले आहेत: फासे लावणारे फासेपारधी, चित्ता पाळून त्याच्याकडून हरणं धरणारे चित्तेवाले, जात्याला टाकी लावणारे टाकणकार, आणि बंदूक बाळगणारे शिकारी. अनुसूचित जमातींच्या यादीत ही नावं आजही एकाखाली एक सापडतात. तितर-लाव्हे धरायची त्यांची एक पद्धत तर ऐकणाऱ्याला खोटी वाटावी. शिकवलेला बैल पुढं घालायचा, स्वतः त्याच्या आडोशानं वाकून चालायचं, बैल चरत-चरत पाखरांना हळूहळू जाळ्याकडे रेटत न्यायचा. पाखरांना गुराची भीती नसते. बैलाला पाखरांचं काही नसतं. आणि माणूस मध्ये दिसतच नाही.

या पद्धतीला वावर लागतं, आणि वावराला मालक असतो. वर्षानुवर्षं चाललेला तो करार कुठं लिहिलेला सापडणार नाही, पण त्याच्या अटी जुन्या माणसांना पाठ असतात. पीक उभं असेल तर विचारल्याशिवाय आत पाय नाही. सोंगणी झाली, वावर गुरांना मोकळं झालं, की पारध्यालाही मोकळं. तुरीच्या ओळीतून बैल न्यायचा नाही. विहिरीवर पाणी प्यायचं पण चऱ्हाट-बादलीला हात लावायचा नाही. या अटीत जातीची जी घाण आहे ती लपवून हा करार गोड करून सांगू नये. मग धुऱ्यावर उभं राहून बोलणं होई.

“मालक, तितरं लई बोलून राह्यले तुमच्या वावरात. फासे मांडू का?”

“मांड. पण तिकडच्या तुरीत जाऊ नोको, फुलावर हाये.”

एवढ्यात परवानगी झाली. मोबदला म्हणून कधी तितराची जोडी, कधी नुसतं डुकराचा माग काढून देणं. परवानगी मागणाऱ्याकडे ना जमीन ना घर. गावाबाहेरचा बेडा, तोही हलता. देणाऱ्याकडे निदान वावर तरी. म्हणजे करार बरोबरीचा नव्हता. तरीही दोघांना एकमेकांची गरज होती, आणि दोघांपैकी एकजण ‘नको’ म्हणू शकत होता. आज ज्याला आपण मालकाची संमती म्हणतो तिचा सगळा गाभा त्या ‘नको’मध्ये आहे.

शिकाऱ्यांच्या बाजूनंही काही शिस्त होती. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रात भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की एकाच मुलखात राहणाऱ्या जमातींनी शिकार आपसात वाटून घेतली होती. फासेपारधी काळवीट, तितर, लाव्हे फाशांनी धरत. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीनं डुक्कर-साळिंदराच्या मागं लागत. वैदू मुंगूस-रानमांजरासारखी लहान जनावरं धरत. गाभण किंवा पाडसवाली मादी फाशात अडकली तर पारधी ती सोडून देत, असंही त्या अभ्यासात नोंदलं गेलं. हे वऱ्हाडचं निरीक्षण नव्हे, घाटाकडचं आहे. पण ज्यांचं पोट पुढल्या वर्षीच्या हरणांवर अवलंबून आहे त्यांनी असं वागावं यात नवल नाही.

१८७१ पासून गुन्हेगार जमातींचे कायदे आले आणि पारध्याच्या कपाळी शिक्का बसला. १९५२ साली कायदा गेला, शिक्का राहिला. त्यानंतर वीस वर्षांनी १९७२ चा अधिनियम आला. लोकांना वाटतं की त्या वर्षी शिकार बंद झाली; तसं झालेलं नाही. मूळ कायद्यात मोठ्या शिकारीचा, लहान शिकारीचा, जनावरं जिवंत पकडण्याचा असे वेगवेगळे परवाने होते. ते १९९१ च्या दुरुस्तीनं गेले, आणि हौशी शिकारीचं दार कायद्यानं कायमचं बंद झालं. कायद्यात शिकारीची व्याख्याही मोठी आहे. गोळी घालणं सोडाच, फासा लावणं, आमिष ठेवणं, पकडण्यासाठी हाकणं, घरट्यातली अंडी हलवणं, सगळं शिकारच. पारध्याचा सगळा धंदा त्या एका व्याख्येत बसला.

आणि मालकाची परवानगी? तिचं काहीच झालं नाही, हीच गंमत आहे. कोणत्याही कलमानं ती रद्द केली नाही. ती फक्त निरुपयोगी झाली. आपल्या वावरात कोणाला येऊ द्यायचं हा हक्क मालकाकडे आजही आहे. पण आत आलेल्यानं जनावराला हात लावायचा की नाही, यावर त्याच्या होकाराला काडीची किंमत नाही. उलट होकार दिला असेल तर तो गुन्ह्याला साथ देणारा ठरू शकतो. त्याच्या वावरात तारेला चिकटून मेलेलं जनावर सापडलं तर पहिला जबाब त्याचाच होतो.

आता तिसरा माणूस. शेतकऱ्यासाठी कायद्यात जी एक खिडकी आहे ती कलम ११ ची. मुख्य वन्यजीव रक्षक, किंवा त्यानं अधिकार दिलेला अधिकारी, जनावर माणसाच्या जिवाला अथवा उभ्या पिकासकट मालमत्तेला धोकादायक झालं असेल तर लेखी आदेशानं त्याच्या शिकारीला परवानगी देऊ शकतो. पण पिकाचं कारण सगळ्या जनावरांना चालत नाही. कायद्यात सर्वाधिक संरक्षण असलेल्या अनुसूची एकमधल्या जनावराबाबत धोका माणसाच्या जिवालाच असावा लागतो, किंवा ते जनावर बरं न होण्याइतकं जखमी वा रोगी असावं लागतं. काळवीट अनुसूची एकमध्ये आहे. रोही आणि रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची दोनमध्ये आहेत. तेव्हा कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याला लागून ज्याचा हरभरा आहे, त्याच्या हरभऱ्यात शंभर काळविटांचा कळप बसला तरी त्याला मागायला परवानगीच अस्तित्वात नाही. डुकराबद्दल अर्ज करता येतो, रोह्याबद्दल करता येतो, काळविटाबद्दल फक्त भरपाईची वाट पाहता येते. काळविटाला हे संरक्षण असावं असंच मला वाटतं. पण त्याचा खर्च एकट्या शेजारच्या खातेदारानं का सोसावा, याचं उत्तर कोणत्याही अनुसूचीत नाही. मध्य प्रदेशात शाजापूरच्या बाजूला अलीकडे हेलिकॉप्टरनं हाकून शेकडो काळविटं पकडून जंगलात नेऊन सोडली. खर्चिक उपाय आहे, पण निदान कोणीतरी जनावराची जबाबदारी आपली मानली.

महाराष्ट्र सरकारनं जुलै २०१५ मध्ये शासन निर्णय काढून पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुक्कर आणि रोह्यांच्या शिकारीची कार्यपद्धती ठरवली. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे करायचा. कागदावर हे सोपं दिसतं. पण परवानगी मिळाली तरी बंदूक कुठून आणायची? शस्त्र कायदा १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय आहे. ठासणीची बंदूक म्हणजे एक बार झाला की दारू भरा, ठासा, मग दुसरा. तोवर जखमी डुक्कर दोन वावरं पलीकडे गेलेलं असतं, नाहीतर थेट अंगावर आलेलं असतं. त्यात निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो. २०१९ ची विधानसभा ऑक्टोबरात झाली, २०२४ ची नोव्हेंबरात. सोयाबीन काढणीला, कापूस वेचणीला, तूर फुलावर. डुकरांना आचारसंहिता लागू नाही.

समजा बंदूक आहे, माणूस आहे, आदेशही आहे. जनावर तीन वावरांतून फिरतं. परवानगी एकाच्या अर्जावर, पण गोळी सुटते शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून, आणि जनावर पडतं तिसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत. वरूड-मोर्शीकडे एकेका बागेला कुंपण आहे, राखणदार आहे. जखमी डुकराच्या मागं रात्री दुसऱ्याच्या बागेत शिरणाऱ्याला तिथं चोर समजून बदडलं जाण्याची शक्यता सरकारी आदेशात कुठं लिहिलेली नसते. शेजाऱ्याची संमती हा मुद्दा तिथं पुन्हा वर येतो; कायदा तो विसरला तरी गावात तो विसरता येत नाही. अन् एवढं करून पडलेलं जनावर खात्याच्या ताब्यात द्यायचं. घरी न्यायचं नाही, वाटायचं नाही. ज्या शिकाऱ्याला पूर्वी मांसाचा वाटा मिळे तो आता कशासाठी रात्र जागेल?

कायदेशीर वाट अशी काट्यांची झाली की दुसरी पडते. वऱ्हाडात आज सर्वांत जास्त चालणारी परवानगी मुकी आहे. शहराकडून रात्री गाडी येते, छतावर सर्चलाइट असतो. वावराच्या मालकाला आवाज येतो. तो उठत नाही. सकाळी विचारलं तर तो काही ऐकलं नाही म्हणतो. तो हो म्हणालेला नसतो, नाहीही म्हणालेला नसतो. डुकरं कमी झाली तर बरंच, एवढा त्याचा मनातला हिशोब. पण गाडीवाला डुकरासाठीच आलेला असतो असं नाही. हरीण, ससा, जे उजेडात थिजेल ते. हे मांस विकलं जातं. म्हणजे नुकसान शेतकऱ्याचं, धोका शेतकऱ्याचा, आणि पैसा तिसऱ्याच कोणाचा.

याहून वाईट म्हणजे तार. महावितरणच्या लाइनवर आकडा टाकून धुऱ्याभोवती उघडी तार ओढायची. त्यात डुक्कर मरतं, बैल मरतो, पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी मरतो. एप्रिल २०१७ मध्ये नागभीडजवळ, चंद्रपूर जिल्ह्यात, ‘जय’ या गाजलेल्या वाघाचा बच्चा श्रीनिवास असाच शेतातल्या विजेच्या तारेनं गेला. ज्याच्या वावरात तो मेला त्याला वाघ मारायचा नव्हता. गावठी बॉम्बची तीच गत: कणकेच्या किंवा मांसाच्या गोळ्यात दारू भरून ठेवतात, आणि जबडा फुटतो तो कधी डुकराचा, कधी गाईचा. या दोन्ही गोष्टींना माझा कसलाही पाठिंबा नाही, आणि त्या करणाऱ्याच्या हतबलतेची हळहळ करून मी त्यांना पोटात घालणार नाही. पारध्याच्या फाशाला निदान डोळे होते. सकाळी जाऊन काय अडकलं ते पाहिलं जायचं, नको ते सोडलं जायचं. तारेला ते जमत नाही. फासा बंद झाला आणि तार आली, हा क्रम कायदा करणाऱ्यांनी कधी तपासला नाही.

ज्याला पैसे जमले त्यानं झटका मशीन बसवलं. सौर कुंपणाला सरकारी अनुदानही आहे. ते मारत नाही, हाकलतं, म्हणून चांगलंच. पण हाकललेलं डुक्कर बिनकुंपणाच्या शेजाऱ्याकडे जातं. चार एकरवाल्याचं संकट तीन एकरवाल्याच्या वावरात ढकललं जातं. ई-क्लासची गवताळ जमीन अतिक्रमणात, लागवडीत आणि रस्त्यांत गेली, तेव्हा रोह्यानं चरायचं कुठं हा प्रश्न गावानं स्वतःलाही विचारला पाहिजे.

आणि दुसरा माणूस, पारधी, त्याचं काय झालं? २०१३ च्या सुमाराला मेळघाटातल्या वाघांच्या शिकारीची प्रकरणं उघडकीला आली, तेव्हा पकडलेल्या टोळ्या मध्य प्रदेशातल्या बहेलिया या शिकारी जमातीच्या होत्या. संशय मात्र इथल्या प्रत्येक बेड्यावर पसरला. ज्याला पूर्वी मालक धुऱ्यावरून हाक मारत असे तोच आता वावराच्या आसपास दिसला तरी लोक फोन करतात. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथं मतीन भोसले यांनी २०१२ मध्ये फासेपारध्यांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि तिला नाव दिलं ‘प्रश्नचिन्ह’. पुढं समृद्धी महामार्गाच्या कामात तिच्या वाचनालयासारख्या वास्तू पाडल्या गेल्या. ज्यांना आयुष्यभर दुसऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवायला विचारावं लागलं, त्यांच्या शाळेच्या जागेवर पाय ठेवताना सरकारनं किती विचारलं, याची नोंद या विषयाच्या पुस्तकात असायलाच हवी.

एक गोष्ट मात्र आशेची आहे आणि ती अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर घडते आहे. तणमोर हा माळढोकाच्या कुळातला लहान पक्षी. पावसाळ्यात नर गवतातून उड्या मारतो, त्यावरून तो कळतो. एरवी दिसत नाही. तो कुठं आहे हे सगळ्यांत आधी कळतं फासेपारध्याला, कारण त्याच्या बापजाद्यांनी तो धरला आहे. कारंजा लाडच्या ‘संवेदना’ या संस्थेनं, कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या पुढाकारानं, त्याच फासेपारध्यांना बरोबर घेऊन तणमोर आणि त्याचे गवताळ माळ राखायचं काम उभं केलं. हे काम सरकारी हद्दीच्या आत मावत नाही. तणमोराला कोणाच्या बांधावरचं गवत चालतं, कोणाच्या सोयाबीनमध्येही तो घरटं करतो. म्हणून इथंही वावराच्या मालकाला विचारावं लागतं: एवढा पट्टा कापू नका, एवढ्या दिवसांत फवारू नका. मारण्यासाठी मागितली जाणारी परवानगी जगू देण्यासाठी मागितली जाते, आणि मागणारा तोच असतो. हे जर तणमोराबाबत जमतं तर डुकराबाबत पारध्याला परत बोलावण्यात काय अडचण आहे, हे मला कळलेलं नाही. अधिकृत, नोंदलेला, पगारी पकडणारा म्हणून. त्याला नेमावं, फाशाचे प्रकार ठरवून द्यावेत, आणि गावानं बोलावल्याशिवाय त्यानं यायचं नाही, ही जुनी अट नव्यानं लिहावी.

विरोधी बाजू दुबळी नाही. रानडुक्कर हे बिबट्याचं आणि वाघाचं खाद्य आहे. ते संपलं तर बिबट्या गोठ्याकडे वळेल. फासा लावायची मुभा दिली तर त्यात डुक्करच अडकेल याची हमी कोण देणार? रात्रीच्या गोळीबारात माणसं मेल्याची उदाहरणं आहेत. जून २०१६ मध्ये बिहारात मोकामा इथं बाहेरून बंदूकवाले आणून दोनशेच्या वर नीलगायी मारल्या, तेव्हा केंद्रातलेच दोन मंत्री, मेनका गांधी आणि प्रकाश जावडेकर, एकमेकांविरुद्ध जाहीरपणे बोलले. बाहेरून माणसं आणून कत्तल करणं हा उपाय वऱ्हाडलाही नको. बाहेरच्या नेमबाजाला कुठलं वावर कोणाचं हेही ठाऊक नसतं. दुसऱ्या टोकाला खुद्द माधव गाडगीळांनी अलीकडच्या वर्षांत अभयारण्यांबाहेर नियंत्रित शिकारीला मोकळीक द्यावी असं उघडपणे मांडलं आणि १९७२ च्या कायद्यावरच टीका केली. मी तितका पुढं जाणार नाही. कायदा नसता तर आज कारंज्याला काळवीट उरलं नसतं. पण परवानगीचा अधिकार कोणाच्या टेबलावर असावा, हा प्रश्न कायदा न मोडता विचारता येतो.

केरळनं तो २०२२ मध्ये विचारला आणि सोडवलाही. तिथल्या सरकारनं ग्रामपंचायत अध्यक्ष, नगराध्यक्ष अशा स्थानिक पदाधिकाऱ्यांना मानद वन्यजीव रक्षकाचा दर्जा देऊन उपद्रवी रानडुक्कर मारण्याचा आदेश काढायचा अधिकार दिला. विष, स्फोटकं आणि विजेचा झटका मात्र वर्ज्य ठेवला. कलम ११ तेच आहे. फक्त ‘अधिकृत अधिकारी’ कोण, हे त्यांनी गावाच्या जवळ आणलं. आपल्याकडे त्यात दोन गोष्टींची भर घालता येईल. एक, आदेश एका खातेदाराच्या नावावर न काढता शिवारातल्या सगळ्या लगतच्या खातेदारांच्या लेखी संमतीवर काढावा, म्हणजे जखमी जनावर कोणाच्या बागेत पडलं यावरून डोकी फुटणार नाहीत. दुसरं, ज्याला संमती द्यायची नसेल त्याचं वावर सोडून द्यावं. जैन असेल, वारकरी असेल, नाहीतर नुसतं मन धजत नसेल. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं २०१२ मध्ये जर्मनीतल्या एका जमीनमालकाचं हेच म्हणणं मान्य केलं होतं की मनाविरुद्ध त्याच्या जमिनीवर शिकार सोसायला लावणं हा त्याच्या हक्काचा भंग आहे. ‘नको’ म्हणता येणं हा परवानगीचाच भाग असतो.

वाचकाला एक विनंती. पुढल्या पानांत शेतकरी बोलेल तेव्हा पारध्याविषयी तो वाईट बोलेल, पारधी बोलेल तेव्हा शेतकऱ्याविषयी, आणि वनरक्षक दोघांविषयी. तिघांचंही नुकसान झालं आहे, पण सारखं नाही. पारध्याचा धंदा गेला, वनरक्षकाची झोप गेली, शेतकऱ्याचं पीक दर हंगामात जातं. आणि केरळात सरपंचाच्या टेबलावर आलेल्या निर्णयासाठी अमरावती-अकोल्यातला खातेदार आपल्याच वावराचा मालक असूनही वनपरिक्षेत्र कार्यालयात अजून अर्जदारच आहे.